सिकल्सचा तो खून ‘रागाच्या भरात’ झालेला नाही

डॅनियल सिकल्सची एक गोष्ट सर्रास फिरते. या अमेरिकन खासदाराने बायकोला प्रियकराबरोबर रंगेहाथ पकडलं, भान हरपून त्याला तिथल्या तिथे गोळी घातली, कोर्टाने वेडा ठरवून सोडून दिलं, मग बायकोला टाकून हा अमेरिकन यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईचा वीर झाला. यात खरं फार थोडं आहे.

‘रंगेहाथ’ हे तर साफ खोटं. बायकोच्या प्रकरणाचं निनावी पत्र त्याच्या हाती आलं ते गुरुवारी, २४ फेब्रुवारी १८५९ ला. शनिवारी रात्री त्याने बायकोकडून, तेरेसाकडून, कबुलीजबाब लिहून घेतला. खाली सही तिच्या माहेरच्या नावाची, बाजूला साक्षीदारांच्या सह्या. तिचा प्रियकर, फिलिप बार्टन की (Key) हा, मेला रविवारी दुपारी, व्हाइट हाउससमोरच्या चौकात. पांढरा हातरुमाल हलवत तो तेरेसाला खूण करत होता. हत्यार जवळ नव्हतं, म्हणून त्याने खिशातली नाटक बघायची छोटी दुर्बीण फेकून मारली. सिकल्स मात्र पिस्तुलं घेऊनच घराबाहेर पडला होता.

कोर्टाने त्याला ‘वेडा ठरवलं’ हेही चूक. तात्पुरत्या वेडाचा बचाव झाला, हे खरं, आणि अमेरिकेत तो गाजला याच खटल्यामुळे. पण २६ एप्रिलला ज्युरी तासाभराहून थोड्या जास्त वेळात परतली ती फक्त ‘निर्दोष’ म्हणत. बचावाच्या वकिलांनी, त्यांत पुढे लिंकनचे युद्धमंत्री झालेले एडविन स्टँटन होते, भर दिला तो नवऱ्याच्या हक्कावर. कबुलीजबाब पुरावा म्हणून नाकारला गेला, तरी वर्तमानपत्रांनी तो छापलाच. उलट सिकल्सची स्वतःची प्रकरणं ज्युरीपुढे आलीच नाहीत. वेश्याव्यवसायातल्या फॅनी व्हाइटला तो लंडनच्या वकिलातीत गेला तेव्हा बरोबर घेऊन गेला होता, आणि तेरेसा गरोदर म्हणून मागे राहिली होती! तिथला त्याचा वरिष्ठ जेम्स ब्युकॅनन. खून झाला तेव्हा हाच ब्युकॅनन राष्ट्राध्यक्ष होता, आणि मेलेला बार्टन की हा वॉशिंग्टनचा सरकारी वकील. त्याच्या रिकाम्या जागी ब्युकॅननने त्याचाच मदतनीस रॉबर्ट ओल्ड याला नेमलं आणि खटलाही त्यानेच चालवला. इतक्या मोठ्या ओळखीचा आरोपी समोर असताना ही नेमणूक नजरेआड करता येत नाही.

बायकोला त्याने टाकलं नाही. काही महिन्यांतच पुन्हा घरात घेतलं, आणि खुनाने न चिडलेले लोक यावर मात्र भडकले. तेरेसा १८६७ मध्ये क्षयाने गेली.

गेटिसबर्गला, २ जुलै १८६३ ला, सेनापती मीडने नेमून दिलेली जागा सोडून त्याने आपली कोअर (सैन्याची मोठी तुकडी) पीच ऑर्चर्ड या फळबागेपर्यंत पुढे नेली. तिथे त्याची सुमारे चार हजार माणसं मारली गेली, जखमी झाली किंवा हरवली. त्याचा उजवा पायही तिथेच गेला. त्या पायाची हाडं लष्कराच्या वैद्यकीय संग्रहालयात ठेवली गेली, हे मात्र अगदी खरं.