रामेसियमला गेलात तर मागच्या बाजूला जा

इजिप्तमधल्या लक्झरला, नाईलच्या पश्चिम काठावर आमच्या ग्रुपचा वेळ असा वाटला गेला: राजांच्या दरीत दीड तास, हॅतशेप्सुत राणीच्या देवळात एक तास, मेम्नॉनच्या दोन पुतळ्यांपाशी फोटोपुरती दहा मिनिटं आणि अलाबास्टरच्या दुकानात तब्बल पाऊण तास. (त्या पाऊण तासावर वेगळी पोस्ट लिहीन. आत्ता डोकं तापवायचं नाही.) रामेसियम हे देऊळ नुसतं बसच्या खिडकीतून दाखवलं. "सगळं पडलंय हो तिथे, बघण्यासारखं काही नाही," इति टूर मॅनेजर.

दुसरा दिवस मोकळा होता. बाकी मंडळी बाजारात गेली, आम्ही दोघं सकाळच्या फेरीबोटीने नाईल ओलांडून टॅक्सीने रामेसियमला पोचलो. आत आम्ही, एक पहारेकरी आणि चिमण्या.

पडलंय हे खरंच. रामसेस दुसऱ्याचं हे देऊळ. इ.स.पू. १२७९ ते १२१३, म्हणजे सहासष्ट वर्षं राज्य केलेला राजा. अस्वानच्या ग्रॅनाइटचा त्याचा अख्खा एकसंध पुतळा इथे बसवला होता, वजन अंदाजे हजार टन. आता खांदे आणि छाती उताणी पडलीत, पाऊल वेगळीकडे. इंग्रज कवी शेलीची १८१८ सालची 'ओझिमँडियस' ही कविता याच राजावर आहे: वाळवंटात मोडून पडलेला पुतळा आणि त्याखाली राजाची पोकळ बढाई. ओझिमँडियस हा त्याच्या 'उसरमाआतरे' या राजनामाचा ग्रीक अपभ्रंश. शेलीने इजिप्त कधी पाहिलंच नव्हतं, पण तेव्हापासून इथे येणारा प्रत्येक जण पुतळ्यापाशी उभा राहून 'गर्वाचं घर खाली' म्हणतो आणि निघतो.

मला हे पटत नाही. ज्याला जग विसरलं म्हणून आपण हळहळायचं, त्याची ममी १९७६ साली उपचारांसाठी विमानाने पॅरिसला नेली होती! एवढी बडदास्त कुठल्या विसरलेल्या माणसाची होते?

पुतळा सोडा. मागे जा.

मागच्या अंगाला कच्च्या विटांच्या लांबच लांब खोल्यांच्या रांगा आहेत, काहींवरची कमानीची छतं अजून शाबूत. ही देवळाची कोठारं. विटेजवळ नाक नेऊन पाहिलं तर मातीत काड आणि भुसा स्पष्ट दिसतो. माझं आजोळ लातूरकडचं, माळवदाचं. तिथल्या भिंतीचा पोपडा निघाला की आतून हेच डोकावायचं. फरक इतकाच, की आजोबांचं घर तीन पावसाळ्यांत डागडुजीला यायचं आणि हे सव्वातीन हजार वर्षं उभं आहे. पावसाचं गाव नाही, हे अर्थात मोठं कारण.

कमान बांधायची तर खालून लाकडी साचा लागतो, आणि इजिप्तमध्ये लाकडाची वानवा. मग त्यांनी काय केलं, तर विटांचा पहिला थर मागच्या भिंतीवर तिरका टेकवला, दुसरा पहिल्यावर, असं करत पुढे आले. प्रत्येक थर मागच्याच्या अंगावर रेललेला. साचा लागलाच नाही! हसन फाथी या वास्तुरचनाकाराने १९४० च्या दशकात इथून जवळच नवं गुर्ना गाव याच पद्धतीने बांधलं, त्यासाठी दक्षिणेकडच्या नुबिया प्रांतातले गवंडी आणून.

पुस्तकांत याला 'अंत्यसंस्काराचं मंदिर' म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. राजा इथे पुरलेला नाही, त्याचं थडगं डोंगरापलीकडे राजांच्या दरीत. इजिप्शियन लोक अशा देवळाला 'लक्षावधी वर्षांचं घर' म्हणत. राजा हयात असतानाच पूजाअर्चा सुरू व्हायची. देवळाला जमिनी लावून दिलेल्या, आपल्याकडच्या देवस्थान इनामासारख्या. रोज भाकरी, बिअर, मांस यांचा नैवेद्य, आणि दाखवून झाला की पुजाऱ्या-सेवेकऱ्यांत वाटप. बॅरी केम्प या पुरातत्त्वज्ञाचा हिशोब असा, की ही कोठारं पूर्ण भरली तर सुमारे ३,४०० कुटुंबं वर्षभर जेवली असती.

आणि या धान्यावरून इथे संप झालाय. रामसेस तिसऱ्याच्या राज्याचं २९ वं वर्ष, इ.स.पू. ११५७ च्या आसपास. राजांची थडगी खोदणारे कारागीर जवळच दैर अल-मदिना गावात राहायचे. त्यांची मजुरी म्हणजे बलुतंच: साध्या कारागिराला महिन्याला साडेपाच खार धान्य, चार गहू आणि दीड जव. (खार हे माप, साधारण ७६ लिटरचं.) ते धान्य थकलं. कारागीर हत्यारं टाकून चौक्यांच्या पाच भिंती ओलांडून निघाले आणि थुतमोस तिसऱ्याच्या देवळामागे बसले. मग आले ते थेट रामेसियममध्ये. पोटात अन्न नाही, अंगावर कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, हे फेरोला (म्हणजे राजाला) आणि वजिराला कळवा, असं त्यांचं म्हणणं. हे सगळं अमेननख्त नावाच्या कारकुनाने लिहून ठेवलंय, तो पपायरस आज इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. मागच्या महिन्याचं थकलेलं धान्य त्यांना मिळालं. पुढे पुन्हा थकलं, पुन्हा संप.

रामसेस दुसरा जाऊन तेव्हा पन्नासहून जास्त वर्षं झाली होती. तरी भुकेल्या माणसांनी गाऱ्हाणं न्यायला त्याचंच देऊळ धरलं. मला तर त्या हजार टनांपेक्षा हे वजनदार वाटतं.

पहारेकरी बराच वेळ लांबून बघत होता. पुतळा सोडून ही बाई मातीच्या भिंतीत काय बघते, असं त्याला वाटलं असावं. शेवटी आला, आणि एका विटेवर बोट ठेवलं. राजाच्या नावाचा शिक्का, कडा झिजलेल्या, पण नावाभोवतीचं लंबवर्तुळ अजून दिसतं. मग "बक्षीश" म्हणाला. हा शब्द तिथेही आपलाच. नवऱ्याने आनंदाने दिली.

रात्री जेवताना ग्रुपमधल्या काकूंनी विचारलं, काय होतं हो तिथे एवढं? मी फोनवर कमानींचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला.

"हे तर गोडाऊन आहे."

"हो काकू, गोडाऊनच."