बाहुल्या राज्याचं हवाई दल: उभारणीसाठी काही सूचना

शेजाऱ्याचा प्रांत गिळलात, गादीवर पदच्युत बादशहा बसवलात, झेंडाही शिवून झाला. अभिनंदन! आता राहिलं हवाई दल. चीनचा मांचुरिया प्रांत बळकावून उभ्या केलेल्या मांचुकुओ या बाहुल्या राज्यात जपानच्या क्वांतुंग सैन्याने सगळं आधीच करून ठेवलंय, तुम्ही फक्त गिरवायचं.

सुरुवातीला फौजेचं नाव काढू नका. १९३२ साली त्यांनी काढली ती विमान कंपनी. पैसा जपानच्याच दक्षिण मांचुरिया रेल्वेचा आणि सुमितोमो या जपानी उद्योगसमूहाचा. अधूनमधून तिकीटवाला प्रवासी दिसला की झालं, बाकी वेळ सैन्याची ने-आण. मग १९३७ मध्ये तीस माणसं हार्बिनला शिकायला धाडा आणि पहिल्या तुकडीला विमान द्या एक. (वाटणीवरून भांडणं नकोत.) पंखांवर मात्र राष्ट्रीय रंग पाचही हवेत, पाच वंशांचा सलोखा म्हणून! हुकूम कुठला वंश सोडतो, ते रंगवायची गरज नाही.

पुढे बरी विमानं लागतील. मालकांकडे, म्हणजे जपान्यांकडे, जुनी होत चाललेली नाकाजिमा की-२७ लढाऊ विमानं आहेतच. त्यांच्यासाठी प्रजेकडून आणि कंपन्यांकडून देशभक्तीची वर्गणी गोळा करा. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण त्यांना ठाऊक नसावी. पण व्यवहार पक्का होता.

वैमानिक शाळेत मात्र जरा सांभाळून. मुकडेनची (आजच्या शेनयांगची) शाळा १९४० मध्ये सुरू झाली आणि जानेवारी १९४१ मध्ये शंभरेक छात्र प्रशिक्षकांना ठार करून थेट बंडखोरांना जाऊन मिळाले. नाउमेद होऊ नका. मुलं काहीतरी शिकली, असं अहवालात लिहा.

१९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं अनशानच्या पोलाद कारखान्यावर आली. आपलं की-२७ म्हणजे चाकं पोटात न जाणारं, दोन मशीनगनवालं, आणि शत्रूचं बॉम्बफेकी ताशी शंभर किलोमीटरने पुढे. पाठलाग कसला करताय? समोरून जाऊन धडकायचं! डिसेंबरात मुकडेनच्या आकाशात तेही करून झालं. वर्गणीच्या विमानाचा हिशेब कोण मागतो?

ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा घुसल्या, की बादशहांना घेऊन विमानतळ गाठा. मांचुकुओचे बादशहा पू-यी मुकडेनला पोचले होते. स्वतःचं हवाई दल असलेला हा सम्राट तिथे जपानला नेणाऱ्या विमानाची वाट बघत बसला. विमानं उतरली, पण सोव्हिएत सैनिकांना घेऊन. नेलं त्यांनीच.