थायलंडला ‘सगळं चालतं’ हे कोणी सांगितलं?

जळगाव-भुसावळकडच्या टूर ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय की थायलंडला जाताना नियमांचं टेन्शन घेऊ नका, टुरिस्टवरच त्यांचं पोट आहे, कपडे कसेही घाला, संस्कृती आपलीच आहे, कोणी काही बोलत नाही, आणि काही झालंच तर टूर मॅनेजर पैसे देऊन मिटवतो.

कोणी बोलत नाही एवढं बऱ्यापैकी खरं आहे. तिथं चारचौघात आवाज चढवणं वाईट समजतात, म्हणून समोरचा हसून गप्प बसतो आणि आपल्या लोकांना वाटतं चाललं.

कपड्यांचं म्हणाल तर बीचवर काय घालायचं ते घाला, पण बँकॉकच्या ग्रँड पॅलेसला खांदे-गुडघे झाकलेले लागतात, नाहीतर गेटवरच अडवतात.

आता ‘संस्कृती आपलीच’. सुवर्णभूमी एअरपोर्टवर समुद्रमंथनाचा भला मोठा देखावा आहे, राजचिन्ह गरुड आहे, नमस्कार पण हात जोडूनच. मान्य. पण आपण लहान पोर दिसलं की लाडानं डोक्यावरून हात फिरवतो, तिथं डोकं फार पवित्र मानतात, अनोळखी माणसानं हात लावलेला आईबापांना रुचत नाही. भिक्खूंना बाईनं स्पर्श करायचा नसतो, आणि आपल्या काकू-मावश्या भक्तिभावानं थेट पाय धरायला वाकतात, भाव चांगलाच आहे हो, पण त्या भिक्खूला घाईघाईनं मागं सरकावं लागतं. विहारात तिथले लोक गुडघे दुमडून, पाय मागं घेऊन बसतात, आणि शेजारी आपला माणूस दमला म्हणून बुद्धाकडे तळपाय करून मोबाईल बघत बसतो. मुक्ताईनगरला मुक्ताईसमोर असं कोणी पाय पसरून बसेल का भाऊ? मग तिथं का?

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य मात्र ‘पैसे देऊन मिटतं’ हे आहे. तिथल्या फौजदारी कायद्याचं कलम 112 राजा-राणीच्या अपमानासाठी आहे, शिक्षा 3 ते 15 वर्षं, म्हणजे बसमध्ये राजाच्या फोटोवरून केलेली फालतू कमेंटसुद्धा अंगाशी येऊ शकते. नोटेवरही राजाचाच फोटो असतो, वाऱ्यानं उडाली तर पायानं दाबून धरू नका, वाकून हातानं उचला. सकाळी 8 आणि संध्याकाळी 6 ला स्टेशनवर, बागेत राष्ट्रगीत लागतं, लोक आहे तिथं थांबतात, आपणही थांबायचं. आणि बॅगेत व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, तर अजिबात नको, तिथं ते आणायलाच बंदी आहे. पोलीस केस झाली तर टूर मॅनेजर फार तर वकील शोधून देईल.

निघायच्या आधी टूरवाले मीटिंग घेतात, त्यात बॅगेचं वजन, शेव-चिवडा, सिमकार्ड यावर तासभर जातो. त्यातली दहा मिनिटं याला द्या, आणि तो मेसेज पुढं पाठवणं थांबवा.