‘उतरलं का धंद्याचं भूत?’

आज एका मुंजीच्या पंगतीत नात्यातल्या एका काकांनी माझ्या भाचीला सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, उतरलं का धंद्याचं भूत? आता बँकेच्या परीक्षा दे." पंगत हसली. मुंजीचं घर म्हणून मी तिथे गप्प बसले. इथे नाही बसणार.

पोरीनं थालीपिठाची भाजणी विकायला काढली होती. दांडियाबाजार, रावपुरा, जमेल तिथे दुकानांत जांगड माल ठेवला. विकला तर पैसे, नाहीतर पाकिटं परत. गिरणीतून आलेलं पीठ पुरतं निवायच्या आत पाकिटं बंद केली, त्यात गेला पावसाळा. कुबट वास, मग जाळी. माल परत आला आणि विकलेल्याचे पैसेही अडकले. लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत चुकते करायचा २००६ चा कायदा आहे म्हणे. चिठोऱ्यावर लिहिलेल्या जांगडीला तो काय करणार! पण हे तिला आधी कळणार कुठून? आपले आजे-पणजे गायकवाड सरकारच्या चाकरीत बडोद्याला आले, तेव्हापासून घरात बाळकडू नोकरीचंच. आमच्या समोरच्या गुजराती घरात मुलाचं दुकान बसलं, तर मामानं आधी हिशेबाची वही मागितली आणि मग माल उधार दिला. (सगळी गुजराती घरं अशी नसतात, माहितीये.)

काकांचं एक वेळ सोडा. शेजारच्या पानावरच्या काकू काय म्हणाल्या? "मला जुलैतच वास आला होता." अहो, मग जुलैतच का नाही बोललात? तेव्हा फुकटचं पाकीट पिशवीत टाकून "खमंग हो!" चाललं होतं. तोंडावर "खवट आहे" म्हणाला असतात तर पोरीचं पुढचं दळण तरी वाचलं असतं.

पैसे तिच्या बाबांच्या फंडातले गेले, ती काळजी खोटी नाही. बरं. पण म्हणून पंगतीत हसायचं?

दादासाहेब फाळके आपल्याच कलाभवनात शिकले, याचा केवढा अभिमान आपल्याला! गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा मांडला, तिथे प्लेगात बायको-मूल गेलं. बडोद्यात पुन्हा मांडला, तोही चालेना, कारण कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो अशी लोकांची समजूत. १९१३ साली त्यांचा पहिला चित्रपट आला तेव्हा वय ४३. मधल्या वर्षांत त्यांनाही पंगतीत एखादे काका भेटले असतीलच.

येताना रिक्षात उलट भाचीच मला समजावत होती. "मावशी, आता पीठ चादरीवर पसरून रात्रभर निवू देणार. दळण छोटं. जांगड बंद." चिडायचं तिनं, तर ती वाफ निघून जायच्या गोष्टी करतेय. मला भरून आलं, खरं सांगते.

पुढच्या महिन्यात पहिलं दळण निघतंय. अर्ध्या किलोचं पाकीट, पैसे रोख. वास आला तर त्याच दिवशी तिला फोन करा, माझ्या कानात कुजबुजू नका. आणि काका, नमुन्याचं पाकीट मागू नका. मिळणार नाही.