‘खेळ’ म्हणणाऱ्या ‘एक अनुभवी’ यांना

नमस्कार.

शीतपेयाच्या कॅनपासून घरी करायच्या स्पिरिटच्या स्टोव्हवरचा माझा लेख आपण वाचलात आणि वेळ काढून सात-आठ ओळी लिहिल्यात, त्याबद्दल आधी आभार. आपली प्रतिक्रिया वर गेली असल्याने बाकीच्यांसाठी आपलं म्हणणं थोडक्यात सांगतो. पितळी बर्नरचं वजन मी चुकीचं दिलंय. शीतपेयाच्या कॅनला आतून लेप असतो, तेव्हा त्याचाच टोप करून पाणी उकळायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे. हा स्टोव्ह हवा तेव्हा बंद करता येत नाही, लोक भाजून घेतील. थंडीत तो पेटायला कुरकुरतो. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: ‘डब्याडुब्यांचे हे खेळ घरच्या गॅलरीत ठीक, डोंगरात खरे साहित्यच लागते.’

पहिली गोष्ट एकदम मान्य. ट्रांगिया या स्वीडिश कंपनीचा पितळी बर्नर मी २०० ग्रॅमचा लिहिला होता, तो साधारण ११० ग्रॅमचा आहे. स्पिरिट भरलेला असतानाच काट्यावर ठेवला असणार मी. चूक दाखवली की मी सुधारतो, त्यात मला कमीपणा वाटत नाही. माझा कॅनचा स्टोव्ह १० ग्रॅमचा आहे. म्हणजे तो वीसपट नव्हे, अकरापट हलका. बरं.

आता ‘खेळ’.

हा शब्द झोंबला, लपवत नाही. ‘धोकादायक’ म्हणाला असतात तर चाललं असतं, त्यावर बोलता येतं. ‘खेळ’ म्हटलं की समोरचा माणूस आपोआप पोरसवदा ठरतो आणि म्हणणारा अनुभवी. नाव तर आपण तेच घेतलंय.

आपण कधी कॅन कापून पाहिलाय का? त्याची भिंत जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असते, जाडसर कागदाएवढी. दोन कॅनचे तळ कापायचे आणि एक दुसऱ्यात बसवायचा. दोन्हींचा व्यास एकच, त्यामुळे ते सरळ बसतच नाहीत. त्याच पत्र्याची पातळ पट्टी पाचरीसारखी मध्ये सरकवत, गोल फिरवत, एकेक मिलिमीटर खाली दाबत न्यायचं. जरा घाई केली की ‘टिक्’ असा आवाज येतो. कडेला केसाएवढी चीर पडलेली असते आणि तासाभराचं काम कचऱ्यात जातं. माझे पहिले सहा असेच गेले. सातव्याला आतली भिंत नीट बसली. ही भिंत म्हणजे पट्टीची गोल नळी, तळाच्या खोबणीत उभी केलेली आणि खालच्या काठाला तीन खाचा दिलेली. स्पिरिट त्या खाचांमधून दोन भिंतींच्या मधल्या फटीत शिरतं आणि सगळी गंमत त्या फटीत घडते.

१५ मिलिलिटर ओतून काडी लावली की आधी मधल्या खळग्यात एक आळशी पिवळी ज्योत डुलत राहते. लेख वरवर चाळणाऱ्यांना वाटतं की स्टोव्ह एवढाच. स्पिरिटमधलं एथेनॉल ७८ अंशांना उकळतं. भिंती तापल्या की फटीतलं स्पिरिट उकळतं, वाफेला बाहेर जायला काठावरच्या टाचणीच्या छिद्रांशिवाय वाट नसते आणि अर्ध्याएक मिनिटात छिद्राछिद्राशी निळी कळी फुटते. बारीक फुरफुर ऐकू येते. टोप त्यानंतर चढवायचा. आधी चढवलात तर पाण्याने गार झालेला तळ ज्योतीचा जीव घेतो आणि मग लोक म्हणतात की या स्टोव्हला दम नाही.

आणि ज्याला आपण ‘खरे साहित्य’ म्हणता, तो पितळी बर्नर कसा चालतो? दुहेरी भिंत, मध्ये फट, काठावर छिद्रं. ट्रांगिया ही १९२५ सालची कंपनी, तिच्या बर्नरबद्दल मला आदरच आहे. पितळ जाड असतं, त्याला फिरकीचं झाकण असतं, उरलेलं स्पिरिट त्यात तसंच ठेवता येतं. या सोयी मोठ्या आहेत. पण तत्त्व तेच, फक्त पत्रा जाड. पितळेचं केलं तर साहित्य आणि ॲल्युमिनियमचं केलं तर खेळ, हे कुणी ठरवलं?

हिशेबही करून टाकू, म्हणजे भावनेच्या भरात लिहिलं असं व्हायला नको. अर्धा लिटर पाणी २० अंशांवरून १०० वर न्यायला सुमारे १६७ किलोज्यूल लागतात. १५ मिलिलिटर एथेनॉल म्हणजे जवळपास १२ ग्रॅम, त्यातून ३१५ किलोज्यूलच्या आसपास उष्णता मिळते. निम्म्याहून जरा कमी वारा खातो असं धरलं तरी काम कसंबसं भागतं, म्हणून तर पत्र्याचा आडोसा सोडायचा नाही. गॅसचं बघा. बर्नर ८० ग्रॅम, रिकामं छोटं सिलिंडर १०० ग्रॅम आणि दर उकळीला ७ ग्रॅम गॅस. माझं स्टोव्ह, आडोसा आणि प्लॅस्टिकची बाटली मिळून ४५ ग्रॅम, वर दर उकळीला १२. दोन्ही पारडी बरोबरीला येतात ती सत्ताविसाव्या उकळीला. दिवसातून दोनदा उकळणाऱ्याला साडेतेरा दिवस लागतील. तोवर गॅसवाल्याला दुसरं सिलिंडर लागलेलं असतं, त्याचा पत्रा मी धरलेलाच नाही. घ्या, तेवढी सूट तुम्हाला.

१९५५ साली एमा गेटवुड नावाच्या ६७ वर्षांच्या बाई अपालाचियन ट्रेल ही अमेरिकेतली लांबच लांब डोंगरवाट एकाच मोसमात चालून गेल्या. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पायात कापडी बूट, तंबूऐवजी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. त्यांना कुणी ‘खेळ’ म्हटलं असतं का? (त्या बहुतेक वेळा थंडच खायच्या, स्टोव्हचा प्रश्नच नव्हता, हे मला माहीत आहे. तेवढ्यासाठी पुन्हा लिहू नका.)

राहिला अनुभव. मी अठरा वर्षं पाठीवर सॅक घेऊन फिरतोय, त्यातली चौदा फक्त कॅनच्या स्टोव्हवर. हे मी पुस्तकं वाचून लिहीत नाही. माझ्या डाव्या मनगटावर अंगठ्याच्या नखाएवढा एक गुळगुळीत डाग आहे, तो माझा दाखला. भर दुपार होती, स्टोव्ह पांढऱ्या खडकावर ठेवलेला. पाण्यात बुडबुडे नुकते धरत होते आणि ज्योत दिसेना. विझला असं समजून टोप उचलला, बाटली तिरकी केली. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि हातात भरलेली बाटली असणं वेगळं. धार खाली पोचली न पोचली तोच भक्क झालं, आग धारेवरून वर चढली आणि मी बाटली टाकण्याऐवजी घट्ट दाबली. त्यानंतरचे तीन आठवडे मनगटाला पट्टी होती.

तेव्हापासून मी खडकाकडे बघतो. ज्योत दिसत नसली तरी तापलेल्या हवेची सावली दगडावर थरथरत असते, पाण्याच्या तळाशी उन्हाची जाळी हलते तशी. ती थांबली तरी वर तळहात धरून पाहतो आणि पूर्ण गार झाल्याशिवाय पुन्हा भरत नाही. असं ज्ञान गॅलरीत मिळत नाही, साहेब.

आता तुम्ही म्हणाल, मी तरी दुसरं काय सांगत होतो! मुळीच नाही. तुम्ही ‘लोक भाजून घेतील’ असं म्हणालात. मी भाजून घेतलं आणि तरी वापरतोय. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो दिसत नसेल तर माझा नाइलाज आहे.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. बंद करता येत नाही म्हणता, तर मोजून ओता. आणि अगदीच वेळ आली तर वर मोठा डबा उपडा घाला, हवा तुटली की विझतो. वणव्याच्या दिवसांत चावी नसलेल्या स्टोव्हला जिथे मनाई असते तिथे तो न्यायचा नसतो, हे सांगायला कुणी अनुभवी लागत नाही. थंडीत कुरकुरतो, खरंय. बाटली जॅकेटच्या आत ठेवा. नुसत्या ब्यूटेन गॅसचं सिलिंडरही शून्याच्या आसपास मान टाकतं, त्याला कुणी खेळ म्हणत नाही. तंबूच्या आत कुठलाच स्टोव्ह पेटवू नये हे मी लेखात ठळक अक्षरांत लिहिलंय, ते कदाचित आपल्या नजरेतून सुटलं असावं. लेपाचं बघू.

एक विनंती मात्र आहे. पुढच्या वेळी खऱ्या नावाने लिहा. मी स्वतःच्या नावाने लिहितो, स्वतःच्या मनगटाचा फोटो टाकतो. पलीकडून ‘एक अनुभवी’ बोलतोय म्हटलं की भिंतीशी भांडल्यासारखं वाटतं.

मूळ लेखात ११० ग्रॅम अशी दुरुस्ती केली आहे. त्याच बैठकीत कॅनचा टोप करण्याचा परिच्छेदही काढला आणि बिनलेपाचा साधा ॲल्युमिनियमचा टोप वापरा असं लिहिलं. ते आपल्या प्रतिक्रियेमुळे नाही, बऱ्याच दिवसांपासून करायचं राहून गेलं होतं.