‘घरी ओरडतो, गिगला दबतो’: दोन तारे देणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानाचं उत्तर

नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री जेवताना मुलाने वाचून दाखवला. दोन तारे, आणि खाली गिटारच्या अॅम्प्लिफायरबद्दल ‘मालक गोड बोलून छोटा अँप गळ्यात मारतात’. आधी राग आला, खोटं कशाला बोलू. मग शांतपणे पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आलं की तुम्ही सामान विकत घ्यायला आलात त्या दुपारी मी तुम्हाला जे तीन प्रश्न विचारायला हवे होते, त्यातला एकही विचारला नव्हता. म्हणून हे उत्तर जरा लांबलंय.

बाकीच्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. हे गृहस्थ ४० वॅटचा व्हॉल्व्ह अँप, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, घ्यायचा म्हणून आले होते. मी त्यांना १५ वॅटचा, दोन ईएल ८४ जातीच्या व्हॉल्व्हचा आणि १२ इंची स्पीकरचा काँबो, म्हणजे एकाच पेटीत अँप आणि स्पीकर, घ्यायला लावला आणि म्हणालो, ‘घरी पण चालेल, गिगला पण चालेल.’ गिग म्हणजे लोकांपुढचा कार्यक्रम. घरी नॉब दोनच्या पुढे नेला की शेजारच्या काकू बेल वाजवतात. पबमध्ये ड्रमरने काठ्या उचलल्या की यांची गिटार गायब. शिवाय अँप घूंऽऽ करतो. तो दाखवायला आणला तर आमच्या मुलाने ‘यात काही नाही’ म्हणून परत पाठवला. आणि दुसऱ्या गिगनंतर एक व्हॉल्व्ह बदलावा लागला.

आता ‘घरी पण, गिगला पण’ या माझ्या वाक्याबद्दल. ते वाक्य दुकानात खरंच वाटतं. आमच्या दुकानात दुपारी रस्त्यावरचे हॉर्न, समोरचा रसवाला आणि वरचा पंखा इतके चालू असतात की अँप तीनवर ठेवला तरी तुम्हाला ‘मस्त, घरी एवढाच लावेन’ असं वाटतं. तोच तीन रात्री साडेनऊला बेडरूममध्ये लावून बघा! ऐकवून दाखवण्याची ही आमची पद्धतच चुकीची होती. त्यामुळे मी मागची गोदामाची खोली रिकामी करून घेतली आहे. आता घरासाठी अँप बघायला येणाऱ्याला दार लावून, पंखा बंद करून, बोलण्याच्या आवाजात वाजवायला बसवतो. काही जण तिथूनच विचार बदलून जातात. जाऊ देत.

पण तुमचं ‘४० वॅटचा घेतला असता तर हा त्रास झाला नसता’ हे मात्र मला पटत नाही, आणि ते का, हे सविस्तर सांगायलाच हवं. वॅट आणि आवाज यांचं नातं किलो आणि पैशांसारखं सरळ नाही. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे ‘वाढला वाटतं’ असं वाटण्याइतका. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. १५ आणि ४० यांतला फरक जेमतेम सव्वाचार डेसिबलचा. पबमध्ये तुमची गिटार थोडी वर आली असती, घरी काकू आणखी लवकर आल्या असत्या, आणि जिन्यातून वर नेताना पाच-सहा किलो जास्त उचलावे लागले असते.

याच हिशेबाने ‘मग ५ वॅटचा घेतो, तो घरासाठी’ हेही फसतं. ही चूक आमच्याकडे आठवड्याला एक जण तरी करतो. पाच आणि पंधरा यांत पावणेपाच डेसिबलचा फरक, बस्स. गिटारचे स्पीकर भलतेच कार्यक्षम असतात. चांगला १२ इंची स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ९७ ते १०० डेसिबल देतो. म्हणजे वॅट कमी करायचा स्विच अर्ध्या वॅटवर ठेवून पूर्ण वाजवलं तरी ९४ ते ९७ डेसिबल. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल सांगतात. घरी बोलण्याच्या आवाजात वाजवता तेव्हा तुमचा अँप वॅटच्या हजाराव्या भागावर चालू असतो. त्या पातळीला पाच काय नि पंधरा काय, दोघेही झोपेतच.

म्हणून घरासाठी अँप बघताना वॅटच्या आधी मी आता दुसऱ्या गोष्टी बघायला सांगतो. गेन (खरखर वाढवणारा नॉब) आणि मास्टर (शेवटचा आवाज ठरवणारा नॉब) वेगवेगळे आहेत का, मास्टर अगदी खाली असताना नॉब हळूहळू उघडतो की शून्यावरून एकदम उडी मारतो, आणि इतक्या कमी आवाजात क्लीन, म्हणजे खरखर नसलेला सूर, ऐकायला बरा वाटतो का. तुमच्या अँपला मास्टर आहे. गेन सात-आठवर, मास्टर एकच्या खाली, असं वाजवून बघितलंत का? रिव्ह्यूवरून वाटतं की तुम्ही दोन्ही नॉब एकत्र खाली ठेवता. अर्थात मास्टर खाली ठेवून जो ड्राइव्ह, म्हणजे खरखर, मिळतो तो आधीच्या छोट्या १२एएक्स७ व्हॉल्व्हचा. मोठे ईएल ८४ दमले, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर घाम गाळू लागले की येणारी जी मजा असते, ती त्यात येत नाही. ती हवी असेल तर अँप आणि स्पीकरच्या मध्ये स्पीकरकडे जाणारी ताकद कमी करणारा अॅटेन्युएटर लावावा लागतो, तोही अँपच्या ओहमशी जुळणारा. पण खूप दाबलं की तोही आवाज जरा पिचकट लागतो, आणि त्यात दोष आपल्या कानाचाही असतो. कमी आवाजात कानाला खर्ज आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. तेव्हा घरी थोडा बास वाढवून बघा.

गिगची बाजू. इथे मी विचारायला हवं होतं की ड्रमर आहे का, माइक मिळतो का, आणि तुम्हाला क्लीन हवाय की खरखरीत. तुम्ही मराठी गाणी वाजवता, उघड्या कॉर्ड्स, स्वच्छ, घुंगरासारखा आवाज, हे मला तुमच्या रिव्ह्यूवरून कळलं. १५ वॅटचा व्हॉल्व्ह अँप जरा तापवून, खरखर चालत असेल तर, ड्रमरशी झुंजतो. पण जोरात असूनही पूर्ण स्वच्छ राहायला जी जागा लागते, ज्याला वाजवणारे हेडरूम म्हणतात, ती त्याच्यात नाही. ही माझी चूक. तुम्ही ‘क्लीन’ म्हणाला असतात तर मी म्हटलं असतं की १५ घ्या, पण माइक नाही अशा जागी क्लीन वाजवायला जाऊ नका.

हे दुखणं नवीन नाही. व्हॉक्स या इंग्लिश कंपनीचा एसी १५ हा अँपही दोन ईएल ८४ वर चालणारा १५ वॅटचाच. १९५० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये द शॅडोज नावाचा बँड हा अँप वाजवायचा आणि ओरडणाऱ्या प्रेक्षकांपुढे तो पुरेना. म्हणून कंपनीने दोनाचे चार व्हॉल्व्ह केले आणि एसी ३० निघाला. वॅट दुप्पट, म्हणजे वर सांगितले तेच ३ डेसिबल. तेव्हा पबभर माइक आणि साउंड सिस्टिम नसायची. आज ठाण्यात गडकरी रंगायतनला किंवा घाणेकर नाट्यगृहाला कार्यक्रम असला तर साउंडवाला तुमच्या अँपपुढे माइक लावतोच. तिथे तुमच्या अँपचं काम फक्त तुम्हाला ऐकू येण्याचं. पबवाले माइक देत नाहीत म्हणता, तर स्वतःचा एक साधा डायनॅमिक माइक आणि एक केबल पिशवीत ठेवा. अँप ४० चा घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्तात पडेल.

आणि तुम्ही टाकलेल्या फोटोत अँप जमिनीवर, ड्रमच्या मागे, तुमच्या पोटऱ्यांकडे तोंड करून ठेवलाय. पोटऱ्यांना कान नसतात. १२ इंची स्पीकरचे वरचे स्वर सरळ रेषेत टॉर्चसारखे जातात. खुर्चीवर ठेवा किंवा मागे रेलून तिरका करा. निम्मी तक्रार तिथेच सुटेल असं माझं मत आहे, पैज नाही लावत.

घूंऽऽ बद्दल मात्र तुमची माफी मागतो. दुकानात अँप शांत होता म्हणून ‘काही नाही’ म्हणून परत पाठवणं हे काम झालं नाही. घरी असं करून बघा: गिटारची केबल अँपमधून काढा. तरी घूं राहिला तर अँप माझ्याकडे आणा, खर्च माझा. गेला, तर तो बहुधा गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपमधून, म्हणजे तारांचा कंप टिपणाऱ्या एका वेटोळ्याच्या चुंबकातून, येतोय, आणि खोलीत त्याचा बाप शोधायला हवा. आपल्याकडे बहुतेक वेळा तो फॅनचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमर किंवा स्वस्तातला एलईडी दिवा निघतो. गिटार घेऊन जागेवर गोल फिरा, एका कोनात आवाज मरेल. जुन्या इमारतींमध्ये अर्थिंगच धड नसतं, तेही वायरमनकडून तपासून घ्या.

एक मात्र हात जोडून सांगतो, कारण रिव्ह्यूखाली कोणीतरी तुम्हाला तसा सल्ला दिलाय. घूं घालवायला प्लगची जाडी, म्हणजे अर्थिंगची, पिन काढून टाकू नका. या अँपच्या आत तीनशे व्होल्टच्या पुढे खेळतं, आणि वायर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ राहतं. त्या जाड पिनेवर तुमचा जीव आहे. मागचं झाकण उघडून फोटो काढायचेही धाडस नको.

व्हॉल्व्हचं सांगतो. तुम्हाला ‘टिंग’ असा जो वाजणारा आवाज येत होता, तो मायक्रोफोनिक व्हॉल्व्हचा, म्हणजे आतले सैल झालेले भाग हादऱ्याने वाजतात. दुकानात आम्ही पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली की तो स्पीकरमधून ऐकू येतो. बदलून दिला, पैसे घेतले नाहीत, हे रिव्ह्यूमध्ये राहून गेलं. पण कारण ऐका. गिग संपल्यावर तुम्ही दोन मिनिटांत अँप बंद करून रिक्षात घातलात आणि घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून घरी नेलात. तापलेल्या काचेच्या नळीचं ते काय होणार? माझे वडील नौपाड्यात व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायचे. ईएल ८४ तेव्हा रेडिओतही असायचा. गिऱ्हाईक रेडिओ घेऊन निघालं की ते त्याला आधी चहा पाजायचे, तेवढ्यात नळ्या निवायच्या. तुम्हीही बिल मागवायच्या आधी अँप बंद करा, बिल येईपर्यंत तो उचलण्याजोगा होतो.

किमतीबद्दल: हाच अँप ऑनलाइन स्वस्त होता म्हणता, बरोबर. पण तो १२० व्होल्टवर चालणारा बाहेरचा मॉडेल होता, आणि आपल्याकडे २३० येतात. सोबत स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला असता.

आता काय करायचं ते. अँप या आठवड्यात घेऊन या, गिटार आणि तुमची पेडलं पण आणा. मागच्या खोलीत दार लावून बसू. माझ्याकडे वापरलेला एक अॅटेन्युएटर आहे, तो आठ दिवस घरी न्या, पैसे नकोत. आणि माझ्याकडचा एक माइकही देतो, पुढच्या गिगला वापरून परत करा. त्यानंतरही नको वाटला तर अँप चांगल्या अवस्थेत असेल तोवर घेतलेल्या किमतीतच बदलून देईन, ४० वॅटचा हवा असेल तर वरचा फरक तुमचा. मी त्याला ना म्हणणार नाही, फक्त एकदा तुमच्या जिन्यावरून गॅस सिलेंडर चढवून बघा म्हणेन.

तारे वाढवा म्हणून हे लिहिलेलं नाही, राहू देत दोनच. मंगळवारी दुकान बंद असतं. येताना अँप रिक्षात सीटवर उभा ठेवा, मांडीवर आडवा नको.