पाच ग्रॅमचा हात आणि सगळे आजार

“डोक्याला नुसता हात लावून मायग्रेन, पाठदुखी, ऑटिझमसुद्धा बरा! साइड इफेक्ट शून्य. त्रास वाढला तर विष बाहेर पडतंय समजा.” क्रेनिओसेक्रल थेरपीचा हा मेसेज घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. यावेळी खाली मावशीने विचारलं, “जाऊ का गं?” म्हणून हा प्रपंच: या थेरपीमागचे दावे एकेक करून बघते.

‘कवटीची हाडं लयीत हलतात, ती लय हाताला कळते.’ ही कल्पना अमेरिकेतले ऑस्टिओपॅथ (हाडं-स्नायूंवर हाताने उपचार करणारे) विल्यम सदरलँड यांची. कानशिलाच्या हाडाची कड त्यांना माशाच्या कल्ल्यांसारखी वाटली. कल्ले हलतात, मग हाडंही हलत असणार! 1970 नंतर जॉन अपलेजर यांनी त्याची थेरपी केली. दाब साधारण पाच ग्रॅम, म्हणजे दोन रुपयांचं नाणं ठेवल्याइतका. पण या कल्पनेत कवटीच्या तळाचा जो सांधा मुख्य मानतात, तो विशीच्या आत हाडाने भरून जातो. आणि लय? 1994 च्या एका अभ्यासात तीन फिजिओथेरपिस्टनी त्याच बारा जणांची लय मोजली. आकडे एकमेकांशी जुळलेच नाहीत. नाडी मोजताना असं होत नाही.

‘मेंदूभोवतीचं पाणी अडतं, हाताने ते वाहतं.’ हे पाणी एका वेळी सुमारे 150 मिली असतं, दिवसाला अर्धा लिटर नवं तयार होतं. हृदयाचे ठोके आणि श्वास ते हलवत राहतात. ते खरोखर अडलं तर न्यूरोसर्जन गाठावा लागतो, नळी घालायची वेळ येते. तिथे दोन रुपयांचं नाणं काय करणार?

‘आपल्या आज्या टाळू भरायच्या, तेच हे.’ टाळू दीड वर्षाच्या आसपास भरून येते. मावशी त्रेसष्ट वर्षांची आहे.

ऑटिझम बरा होतो याला भरवशाचा पुरावा नाही. मानदुखीचं मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. जर्मनीत जुनाट मानदुखीच्या 54 रुग्णांवर चाचणी झाली, त्यात नुसत्या हलक्या स्पर्शापेक्षा या थेरपीने जास्त आराम पडला. चाचणी छोटी आहे, पण आहे. आराम पडला म्हणून कवटी हलते असं मात्र सिद्ध होत नाही.

‘साइड इफेक्ट शून्य’ म्हणताना नुकताच डोक्याला मार लागलेले, मेंदूत रक्तस्राव झालेले लोक मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नसावेत. त्यांनी यापासून लांबच राहावं.

मला खरा राग आहे तो मेसेजमधल्या ‘त्रास वाढला तर विष बाहेर पडतंय’ या शेवटच्या वाक्याचा. बरं वाटलं तर थेरपीचा गुण, वाईट वाटलं तरी थेरपीचाच गुण! म्हणजे हरायची सोयच ठेवलेली नाही. शरीरातला कचरा काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. अचानक असह्य डोकं दुखलं, बोलणं अडखळलं, हात लुळा पडला आणि कुणी “विष निघतंय” म्हणून घरी बसून राहिलं, तर मोलाचे तास गेले.

तर मावशी, जायचं तर जा. अंगावर कपडे असतात, सैल घाल. उताणं झोपवतील, डोक्याखाली आणि कमरेखाली तासभर हात ठेवतील, चोळणार नाहीत. बहुधा तुला डुलकी लागेल. बीपीची गोळी सकाळीच घेऊन जा, आणि दहा सेशनचे पैसे आधी भरू नकोस.